पेन अडकलं? जोर नको, पाणी द्या

शाईच्या जुन्या पेनावर पक्कडीचे दात उमटलेले दिसले, की त्या पेनाचं काय झालं हे वेगळं सांगावं लागत नाही. ते कधीतरी शाईसकट खणात पडून राहिलं, शाई आतल्या आत वाळली. पुढे कुणाला तरी त्याची आठवण झाली. पेन उघडेना, बोटं घसरू लागली आणि शेवटी हत्यारांच्या डब्यातून पक्कड बाहेर आली. अशा पेनाची नळी बहुतेक वेळा नेमकी आट्यांपाशीच तडकलेली असते. हळहळ याची वाटते, की रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवलं असतं तर तेच पेन बहुधा दोन बोटांनी उघडलं असतं.

आपल्याकडे कित्येक वर्षं घराघरांत चाललं ते ड्रॉपरने शाई भरायचं पेन. त्यात रिफील नाही, पंप नाही. पेनाची नळी हीच शाईची टाकी. निब बसवलेला पुढचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने नळीत शाई सोडायची आणि तो भाग पुन्हा फिरवून बसवायचा. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून अशी पेनं हाताने घडवायला घेतली आणि त्यांचं पेन वापरून गांधीजींनी 1935 साली वर्ध्याहून त्यांना पसंतीचं पत्र पाठवलं. त्याच्या थोडं आधी, 1931 साली, मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली होती. पुढची ‘कॅमल’ शाई आणि कॅमलिन हे नाव त्यातूनच उभं राहिलं. एअरमेल कंपनीची पेनंही मुंबईचीच. या सगळ्या पेनांची रचना मुळात एकच, आणि पेन उघडत नाही ही तक्रारही एकच.

आटे म्हणजे खरं तर नळीभोवती गुंडाळलेला चढ. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घेत घेत थोड्या ताकदीत गाडी वर नेतो, तसेच आटे बोटांच्या थोड्या जोरावर दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबतात. मात्र यातली बरीच ताकद घर्षणात जाते. नट-बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष आवळण्याच्या कामी येतो आणि उरलेला घासण्यात खर्च होतो, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. हे घर्षण आहे म्हणून पेन खिशात आपोआप सुटत नाही. पण आट्यांच्या खाचेत काही वाळून बसलं, की तेच घर्षण कितीतरी वाढतं आणि सहज आवळलेलं पेन सोडवताना नाकी नऊ येतात.

टोपण सहसा इतका त्रास देत नाही. टोपणाला बहुतेक पेनांत तीन-चार आटे शेजारी शेजारी सुरू होतात, म्हणून ते एक-दीड फेऱ्यात निघतं. नळीचा आटा मात्र बारीक, एकेरी आणि लांब असतो. जुन्या पेनांत शाई बाहेर येऊ नये म्हणून रबरी रिंग नसे. तो लांब आटाच गळती थोपवायचा. त्यामुळे शाईचा आणि आट्यांचा शेजार कायमचा.

ही शाई आट्यांत शिरते तरी कशी? भरताना ओघळ येतो हे उघड आहे. दुसरी वाट सहसा लक्षात येत नाही. पेन अर्ध्याहून जास्त रिकामं झालं, की शाईच्या जागी हवा येते, आणि ती हवा हाताच्या उबेने फुगते. एसीच्या 24 अंशांत टेबलावर पडलेलं पेन हातात येऊन 34 अंशांपर्यंत तापलं, तर आतली हवा साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढते. आत दोन मिलिलिटर हवा असेल, तर 0.07 मिलिलिटर, म्हणजे थेंबाहून थोडी जास्त शाई बाहेर ढकलली जाते. ती निबेतून कागदावर पडते, टोपणात साचते, आणि जोडाला किंचितही फट असेल तर आट्यांतही झिरपते. ज्यांची बोटं नेहमी निळी होतात त्यांनी पेनाला नावं ठेवण्याआधी ते वेळेवर भरून बघावं. नळी एक तृतीयांशावर येऊ न देता भरली तर हा त्रास खूपच कमी होतो.

शाई झिरपली तरी लगेच बिघडत नाही. बिघडतं ते पाणी उडून गेल्यावर. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा, हे काम झपाट्याने होतं. कोकणातल्या पावसाळ्यात तीच शाई दिवसेंदिवस ओली राहते. पाणी गेलं की रंगाचे कण आट्यांच्या खाचेत घट्ट बसतात. दिलासा एवढाच, की नेहमीची निळी किंवा काळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. ती पाणी गेल्याने वाळली आणि पाण्यानेच सुटते. पेन अडकलं की पहिला उपाय पाण्याचा, तो याचसाठी.

काही शाया मात्र वेगळ्या जातीच्या. हिराकस आणि मायफळासारख्या तुरट पदार्थांतल्या आम्लापासून बनणारी शाई हवा लागताच काळी पडते आणि मग पाण्यात विरघळत नाही. दस्तऐवज टिकावेत म्हणून जुन्या काळी हीच शाई वापरत आणि आजही काही निळ्या-काळ्या शाया या पद्धतीच्या असतात. त्या पेनात चालतात, पण पेन सतत वापरात हवं आणि मधूनमधून धुतलेलं हवं. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र शाईच्या पेनात कधीच घालू नये. तिच्यात बहुधा लाख असते आणि ती एकदा वाळली की पेनाचे भाग एकमेकांना अक्षरशः चिकटवून टाकते.

धातूच्या पेनात आणखी एक भर पडते. पितळी आट्यांवर आंबट शाई राहिली तर पितळ कळकतं, हिरवट थर धरतं, आणि तो थर खाच भरून काढतो. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू नये हे ज्या घरात माहीत आहे, त्या घरात हे वेगळं समजावायची गरज नाही.

पेन अडकू नये म्हणून करायचं ते फार नाही. दर दोन-तीन भरण्यांनंतर, किंवा शाईचा रंग बदलताना, पेन उघडून थंड किंवा कोमट पाण्याने धुवावं. आट्यांवरून मऊ टूथब्रश एकदा फिरवावा. पाण्याच्या धारेने न निघालेली शाई खाचेतून निळी होऊन बाहेर येताना दिसते. मग मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडं होऊ द्यावं. महिना-दोन महिने वापरणार नसाल तर पेन रिकामं करून, धुऊन ठेवावं. अडकलेल्या पेनांपैकी निम्मी तरी एवढ्यानेच वाचली असती, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट आवळण्याची. दोन भाग टेकले, की बोटांच्या टोकांनी अगदी हलका शेवटचा पीळ द्यावा आणि थांबावं. गळती होते म्हणून लोक आणखी आवळतात. पण प्लॅस्टिकची पातळ नळी त्याने ताणली जाते, आट्यांच्या मुळाशी केसासारखी चीर पडते, आणि गळती थांबायची ती कायमची सुरू होते. गळती थांबवणं हे रिंगचं आणि ग्रीसचं काम आहे. हल्लीच्या बऱ्याच पेनांत असते ती गोल रबरी ओ-रिंग; तिचं अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश वंशाच्या संशोधकाला 1939 साली मिळालं. रिंग थोडीशी दाबली गेली की पुरतं. चपटी झालेली किंवा चिरलेली रिंग बदलावी. ती फार तर काही रुपयांची असते.

ग्रीस कोणतं, यात मात्र बहुतेकांची गल्लत होते. हाताशी असतं ते खोबरेल तेल. ते थंडीत गोठतं, काही महिन्यांत खवट होतं आणि शाईच्या कणांसोबत चिकट लगदा बनतं. व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली नैसर्गिक रबराला फुगवते आणि मऊ करते. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्यांतली द्रावणं प्लॅस्टिकला बाधू शकतात. लागतं ते शुद्ध सिलिकॉन ग्रीस, पाण्याच्या फिल्टरच्या रिंगांना लावतात ते. हार्डवेअरच्या दुकानात मागताना एक काळजी घ्यावी: सिलिकॉन सीलंट हा निराळा पदार्थ आहे, तो हवेत वाळून रबर होतो. ग्रीसऐवजी तो आट्यांवर गेला तर पेन कायमचं बंद झालं म्हणून समजा. आणि पेनाची रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसने तीही फुगू शकते, म्हणून आधी तेवढं विचारून घ्यावं.

ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढं पुरतं. टूथपिकने ते पुढच्या भागाच्या आट्यांवर, निबेपासून दूर, सगळीकडे पातळ लावायचं. भाग दोनदा बसवून काढायचा, म्हणजे ते खाचेत सारखं पसरतं. बाहेर आलेलं पुसून टाकायचं. ते चुकून निबेखालच्या शाईवाहक भागात गेलं, तर शाई त्याला धरत नाही आणि पेन कोरडं लिहू लागतं.

एवढं करूनही अडकलं तर? पुढचा भाग आणि जोड बुडेल इतक्या साध्या पाण्यात पेन रात्रभर उभं ठेवावं. पाणी निळं झालं की शाई सुटते आहे असं समजावं. पाणी बदलून पुन्हा ठेवावं. तीन-चार दिवस लागले तरी हरकत नाही. मग पेन कोरडं करून, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा रबरी हातमोजा दोन्ही बाजूंना धरून फिरवावं. इथे बहुतेकांकडून नेमकं उलट होतं: पेन जितकं अडकलेलं, तितकी मूठ आवळली जाते. मूठ आवळली की पातळ नळी दबून लंबगोल होते आणि आटे आणखी घट्ट धरतात. पकड रबराने द्यावी, दाबाने नव्हे.

तरीही हललं नाही तर कोमट पाण्याची मदत घ्यावी. ॲक्रिलिक उष्णतेने पितळेच्या जवळजवळ चौपट पसरतं. त्यामुळे बाहेरची नळी प्लॅस्टिकची आणि आतला आटा पितळेचा असेल, तर थोड्याशा उबेनेही जोड सैल होतो. हाताला सहन होईल इतकंच पाणी घ्यावं. फ्रीजरचा प्रयोग मात्र नको: आत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं आणि नळी फोडतं. थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, स्पिरिट यांनी पेनाचं प्लॅस्टिक विरघळू किंवा तडकू शकतं.

घरात वडिलोपार्जित पेन असेल, तर उघडण्याआधी ते कशाचं आहे हे कळलं पाहिजे. काळं एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, गरम पाण्यात तपकिरी पडतं. त्याला थंड पाणीच बरं, आणि तेही जोडापुरतंच. रंगीत, झळाळत्या जुन्या पेनांत बरीच सेल्युलॉइडची असतात. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, म्हणून मेणबत्ती, लायटर, गॅसची शेगडी यांच्या जवळही ते नेऊ नये. पंप किंवा रबरी फुगा असलेल्या काही परदेशी पेनांचे भाग कारखान्यातच लाखेने जोडलेले असतात. तिथे पाणी कितीही दिलं तरी उपयोग नाही. लाख मऊ करायला बेताची कोरडी ऊब आणि सरावाचा हात लागतो. अशा पेनाचं टोपण निघतं पण पुढचा भाग हलत नाही असं दिसलं, तर ते न उघडताच दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावं, आणि त्यात शेवटची शाई कोणती भरली होती हे आठवत असेल तर त्याला सांगावं.