मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायलाही लागलं. मग डोळा लाल आणि कोरडा का?

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पट्टी निघाली, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा लांबून वाचता यायला लागल्या. आणि आठ दिवसांनी घरातली आजी म्हणते, "डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटतंय, जरा बघ गं." बघितलं तर कचरा नसतो. डोळा मात्र लालसर असतो आणि सारखं पाणी गळत असतं.

मोहोळ तालुक्यात कुठल्याही वाडीवस्तीवर गेलात तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं माणूस भेटतंच. त्यातल्या अनेकांची ही तक्रार असते. त्यावर घरच्यांचं म्हणणं साधारण दोनच प्रकारचं असतं. एक, "होतंय असं, जाईल आपोआप." दोन, "मेडिकलमधून ड्रॉप आण." बहुतेक वेळा पहिलं खरं ठरतं. पण जेव्हा ते खरं नसतं, तेव्हा डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून हा फरक समजून घेऊ.

आधी बघू, डोळा कोरडा का पडतो?

डोळ्यासमोरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. शरीरात सर्वात जास्त मज्जातंतू ज्या भागांत दाटलेले असतात, त्यातला हा एक. म्हणून तर धुळीचा कणभरही सहन होत नाही. हे मज्जातंतू सतत मेंदूला कळवत असतात की डोळा सुकतोय, पापणी मिटा, अश्रू सोडा. मोतीबिंदू काढताना डोळ्याला छेद द्यावा लागतो आणि त्यात यातले काही तंतू कापले जातात. मग निरोप कमी जातात, पापणी कमी मिटते आणि अश्रूही कमी येतात.

छेद केवढा, यावरही बरंच अवलंबून असतं. फेको पद्धतीत तो साधारण दोन-तीन मिलिमीटरचा असतो. शिबिरांमध्ये बऱ्याचदा होणाऱ्या बिनटाक्याच्या ऑपरेशनमध्ये तो सहा-सात मिलिमीटरपर्यंत जातो आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातून घेतला जातो. तिथल्या रक्तवाहिन्या दुखावतात, म्हणून लाली जास्त दिसते आणि जास्त दिवस टिकते. याचा अर्थ शिबिरातलं ऑपरेशन वाईट, असा मुळीच नाही. कधीकधी पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग दिसतो. बघणारा घाबरतो, पण दुखत नसेल आणि नजर ठीक असेल तर तो एक-दोन आठवड्यांत विरून जातो.

चष्मा घालवण्यासाठी लेसिक करणाऱ्या तरुणांचंही कारण हेच. त्यात कॉर्नियाचा पातळ थर उचलला जातो, त्यामुळे तंतू आणखी जास्त कापले जातात आणि कोरडेपणा कित्येकदा सहा महिने ते वर्षभर राहतो.

पण डोळा कोरडा, तर पाणी का गळतं? अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात खाली चिकट थर, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ थर असतो. हे मिश्रण बिघडलं की डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की घाईघाईने भरपूर पाणी सोडतो. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही.

आता एक विचित्र गोष्ट. ऑपरेशननंतर दिलेले थेंबसुद्धा डोळ्याला त्रास देऊ शकतात. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बऱ्याच ड्रॉपमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेलं असतं. दोन-तीन प्रकारचे थेंब, दिवसातून चार-सहा वेळा, असं चार-सहा आठवडे चाललं की हेच रसायन आधीच नाजूक झालेल्या डोळ्याला झोंबतं. म्हणून थेंब बंद करायचे का? अजिबात नाही. त्यातला अँटिबायोटिक संसर्ग टाळतो आणि स्टिरॉइड सूज उतरवतो. ज्यात हे रसायन नाही असे अश्रूंसारखे थेंब मिळतात, ते चालतील का हे डॉक्टरांना विचारा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

स्टिरॉइडची उलटी चूकही होते. बरं वाटतं म्हणून चिठ्ठीवरचे दिवस संपल्यावरही तीच बाटली पुन्हा आणली जाते. स्टिरॉइडने लाली झटकन जाते, पण काहींच्या डोळ्याचा दाब वाढत जातो. तो दुखत नाही, कळतही नाही, आणि त्यातून काचबिंदू होतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हाच्या अर्धवट बाटल्या अजून कुणाच्या कपाटात असतील तर आजच फेकून द्या. उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरायची असते.

बाटलीबद्दल एवढा आग्रह का? त्याच वर्षी चेन्नईच्या एका कंपनीत बनलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब अमेरिकेत परत मागवावे लागले. त्यांच्याशी जोडल्या गेलेल्या स्यूडोमोनास जिवाणूच्या साथीत १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. तेव्हा बाटलीचं टोक पापणीला लावू नका, घरात एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नका. गुलाबपाणी, मध, एरंडेल, काजळ यातलं काहीही ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यात नको, आजीने स्वतः सांगितलं तरी नको.

मोहोळमध्ये भर पडते ती हवेची. पर्जन्यछायेतला कोरडा भाग, सोलापूर-पुणे महामार्गाची धूळ, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि फडात पेटवलेलं पाचट. ऑपरेशन नेमकं थंडीत करून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणजे बरं होण्याचे दिवस आणि उसाचा हंगाम एकत्रच येतात. (थंडीतच ऑपरेशन करावं, याला आता वैद्यकीय कारण उरलेलं नाही.) म्हणून बाहेर पडताना बाजूने झाकणारा गॉगल हवा. मोटरसायकलवर मागे बसतानाही हवा. चुलीसमोर बसणं काही आठवडे दुसऱ्या कुणाकडे द्या. पंख्याचा झोत थेट तोंडावर नको. आणि मोबाइल: एरवी आपण मिनिटाला १५-२० वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे बघताना ते निम्म्याहूनही खाली येतं. नव्याने दिसायला लागलेल्या आजोबांच्या हातात दिवसभर रील्स असतील, तर डोळा सुकणारच.

हा त्रास बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. मधुमेह असेल तर वेळ लागतो.

मग धोका कधी? रोज एक साधी गोष्ट करा. दुसरा डोळा झाकून रुग्णाला तेच कॅलेंडर, त्याच अंतरावरून वाचायला सांगा. कोरडेपणात नजर पापणी मिटली की साफ होते, दिवसागणिक सुधारते. पण कालपेक्षा आज कमी दिसत असेल, डोळा ठणकत असेल, पापणी सुजली असेल, पू येत असेल किंवा उजेड सहनच होत नसेल, तर डोळ्याच्या आत संसर्ग झालेला असू शकतो. तो बहुधा पहिल्या आठवडाभरातच होतो आणि त्यात तासांना किंमत असते. सकाळच्या एसटीची वाट बघू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच फोन करा. ते भेटले नाहीत तर सोलापूर पस्तीसेक किलोमीटरवर आहे. रात्र असली तरी सिव्हिल गाठा. डिस्चार्जचा कागद आणि चालू असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत घ्या.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी असेल, तर पहिल्या वेळचा त्रास आधीच सांगा. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते, हे बघण्याची शिर्मर चाचणी असते. दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी असल्याचं मानतात. कोरड्या डोळ्याचं मापही चुकू शकतं आणि मग बसवायच्या लेन्सचा नंबर चुकतो. त्यामुळे डॉक्टर आधी कोरडेपणावर उपचार करून ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलतात. तारीख पुढे गेली म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका.