टिलमन प्रकरण : सैन्याला ठाऊक असलेले सत्य कुटुंबापर्यंत पाच आठवड्यांनी का पोहोचले?

अफगाणिस्तानच्या खोस्त प्रांतात २२ एप्रिल २००४ रोजी दिवेलागणीच्या सुमारास अमेरिकी रेंजर दलाचे सैनिक पॅट टिलमन मारले गेले. शत्रूशी झुंजताना त्यांना वीरमरण आले, असे कुटुंबाला सांगण्यात आले. ते खरे नव्हते. त्यांच्या डोक्यात लागलेल्या तीन गोळ्या त्यांच्याच तुकडीतील सैनिकांनी झाडल्या होत्या.

टिलमन हे अमेरिकी फुटबॉलमधील नामांकित खेळाडू. अॅरिझोना कार्डिनल्स संघाचा तीन वर्षांसाठीचा ३६ लाख डॉलरचा करार नाकारून २००२ मध्ये ते धाकटे बंधू केव्हिन यांच्यासह सैन्यात दाखल झाले होते. साहजिकच त्यांच्या मृत्यूची बातमी देशभर गाजली. इराकमधील फलुजात लढाई पेटलेली होती आणि अबू घरेब तुरुंगातील छळाची छायाचित्रे त्याच सुमारास उघड झाली होती. अशा दिवसांत सैन्याला एका वीराची कथा हवी असणे समजण्यासारखे आहे. ती खोटी असणे मात्र क्षम्य ठरत नाही.

घडले ते असे. एक हमवी वाहन नादुरुस्त झाल्याने प्लाटूनचे दोन भाग करण्यात आले. मागून येणाऱ्या भागावर अरुंद दरीत हल्ला झाला. पुढे गेलेले टिलमन मदतीसाठी परतून टेकडीवर आले. दरीतून बाहेर पडणाऱ्या सैनिकांनी त्यांनाच शत्रू समजून गोळीबार केला. त्यांच्यासोबतचा एक अफगाण सैनिकही त्यात ठार झाला. केव्हिन मागच्या वाहनांत होते. भावाला गोळ्या लागताना त्यांनी पाहिले नाही. टिलमन यांच्या शेजारी असलेल्या तरुण सैनिकाला, केव्हिनला यातले काही सांगू नको, असा आदेश वरिष्ठांनी दिला.

दुसऱ्याच दिवशी चौकशी सुरू झाली. टिलमन यांचा गणवेश, चिलखत आणि टिपणवही मात्र जाळून टाकण्यात आली. मरणोत्तर ‘सिल्व्हर स्टार’ पदकाच्या प्रशस्तीत शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख आला आणि त्यासाठी जोडलेल्या साक्षींचा मजकूर बदललेला होता, हे पुढे निष्पन्न झाले. विशेष कारवाई दलाचे जनरल स्टॅन्ली मॅकक्रिस्टल यांनी २९ एप्रिलला वरिष्ठांना संदेश पाठवला : मृत्यू आपल्याच गोळीबाराने झाला असण्याची दाट शक्यता आहे, देशाच्या नेत्यांची जाहीर भाषणांत पंचाईत होऊ नये. चार दिवसांनी, ३ मे रोजी, सॅन होजे येथील शोकसभा दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली गेली. तिथे शत्रूने मारल्याचीच कथा पुन्हा सांगण्यात आली. कुटुंबाला खरे कारण कळले ते मेच्या अखेरीस.

आई मेरी यांनी त्यानंतर सैन्याकडून मिळालेली सुमारे ३,००० पाने वाचून काढली. त्यांतील अनेक नावांवर काळी शाई फासलेली होती. मृत्यू कसा झाला याबरोबरच तो कोणी, कोणाच्या सांगण्यावरून लपवला, हा त्यांचा प्रश्न होता. चौकशांमागून चौकशा झाल्या, त्या याच पाठपुराव्यामुळे.

संरक्षण विभागाच्या महानिरीक्षकांनी मार्च २००७ मध्ये चार जनरलांसह नऊ अधिकाऱ्यांना चुकांसाठी जबाबदार धरले. गोळीबारात गुन्हेगारी हेतू आढळला नाही. पुढच्या महिन्यात मेरी आणि केव्हिन यांनी संसदीय समितीसमोर साक्ष दिली. ऑगस्टमध्ये माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड आणि निवृत्त सेनानी समितीपुढे आले, परंतु सत्य आपल्याला नेमके केव्हा समजले, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना आठवत नव्हते. या विस्मरणामुळे जबाबदारी निश्चित करता आली नाही, असे समितीने २००८ च्या अहवालात नमूद केले. लेफ्टनंट जनरल फिलिप केन्सिंजर यांच्यावर औपचारिक ठपका ठेवण्यात आला. तोवर ते निवृत्त झाले होते.

पदकाच्या शिफारशीतील दिशाभूल करणाऱ्या विधानांसाठी महानिरीक्षकांनी मॅकक्रिस्टल यांनाही जबाबदार धरले होते. सैन्याने त्यांच्यावर कारवाई केली नाही. २००९ मध्ये ते अफगाणिस्तानातील सैन्याचे प्रमुख झाले. २०११ मध्ये व्हाइट हाउसने सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या उपक्रमाच्या सल्लागार मंडळावर त्यांना नेमले, तेव्हा ती नेमणूक मागे घ्यावी, अशी मागणी मेरी टिलमन यांनी केली.