असं का होतं? : खाडीवर भराव नको, खांब का हवेत?

वाशीजवळ ठाणे खाडीवर वाहनांसाठी १९७३पासून आजवर तीन पूल झाले. ओहोटीच्या वेळी या पुलांवरून काठाकडे पाहिलं, तर चिखलातून वर आलेली बोटबोटभर मुळं दिसतात. ही तिवरांची श्वसनमुळं. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ती हवेसाठी वर येतात.

भराव टाकून रस्ता नेला, तर दिवसातून दोनदा येणारी भरती अडते. पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो, श्वसनमुळं गाडली जातात आणि झाडं गुदमरतात. म्हणून रस्ता खांबांवर उचलायचा.

पण खांबही पाणी अडवतातच. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोर धरते, तसंच दोन खांबांमधलं पाणी वेगानं वाहून तळ खरवडतं. त्यामुळे खांब कमी आणि लांब लांब, तर नव्या पुलाचे खांब शक्यतो जुन्यांच्या रांगेत ठेवणं हिताचं. पाया घेताना आधी पोलादी नळकांडं चिखलात रोवतात. गाळ त्याच्या आतूनच उपसला जातो, पाण्यात फारसा पसरत नाही.

याच खाडीतलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. या पक्ष्यांचं अन्न, म्हणजे शेवाळ आणि बारीक जीव, याच चिखलात वाढतं. पूल जरूर बांधावा, पण भरतीची वाट मोकळी ठेवूनच.