पाळी जाते तेव्हा विचारणार कोण?

उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली आपली माणसे दाटीने राहतात. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस येणारा हा ओघ आता पिढ्यांचा झाला. पुरुष मागावर, आणि बाई घरी साड्यांचे धागे कापीत, टिकल्या चिकटवीत बसलेली, हे चित्र कोणास नवे नाही. त्या बैठकीत पंचेचाळिशीच्या बाईला एकाएकी अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, पोलके घामाने भिजते, रात्रीची झोप उडते. दोष ती पत्र्याच्या छपराला देते. सुरतेचा उकाडाच असा, की ते खपूनही जाते.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते; पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधीच. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे वैद्यकशास्त्र मानते. हा आजार नव्हे. परंतु त्या उंबरठ्यावर रक्तस्राव अनियमित होतो, आणि बाई घाबरते. मग कोणीतरी सुचवते, ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ आमच्याच नात्यातल्या एका मावशींनी अडतिसाव्या वर्षी कटकट मिटवली. पिशवीबरोबर बीजकोषही गेले हे त्यांना पुढे कंबर धरल्यावर, कागद पाहताना कळले. बीजकोष काढले की रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांची झीज वेळेआधीच सुरू होते, हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते.

हे एकट्या मावशींचे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. उसाच्या फडात आणि साडीच्या ढिगाऱ्यापाशी एक गोष्ट सारखीच आहे: खाडा झाला की मजुरी बुडते.

बाईशी हे बोलणार कोण? २००५ पासून खेड्यांत आणि २०१३ नंतर शहरी वस्त्यांतही ‘आशा’ कार्यकर्त्या दारोदार जातात. तिशीवरील प्रत्येकासाठी त्या जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात ‘पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का?’ असा प्रश्न आहे. तो कर्करोगाची शंका घेण्यासाठी आहे आणि मोलाचा आहे. पण गरम वाफा, लघवीची जळजळ, चिडचीड, उदासी? त्यांची विचारपूस करावयाची तर आशाबेनला ती आधी शिकविली पाहिजे.

शिकविता येते, यात शंका नको. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तेथेच पुढे गावातल्या साध्या स्त्रिया आरोग्यदूत झाल्या.

तथापि केवळ शिकवण पुरत नाही, हेही आपल्याच राज्यात दिसले आहे. अहमदाबाद शहर व जिल्ह्यात ‘सेवा’ संस्थेच्या आरोग्यसेविकांनी दोन वर्षे घरोघर प्रबोधन केले. गर्भाशय काढण्याचा विषयही त्यात होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया घटल्याचे दिसले नाही. आम्हांस याचे नवल वाटले नाही. ‘थांबा’ म्हणणाऱ्या बाईने ‘मग जाऊ कुठे?’ याचे उत्तरही द्यावयास हवे. सुरतेत ते उत्तर अगदीच नाही असे नव्हे. नवी सिव्हिल आहे, महापालिकेचे स्मीमेर आहे. पण रांगेत दिवस मोडतो. गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात येतो का ते पाहणे, सोनोग्राफी, आणि शस्त्रक्रिया खरोखरच लागली तर बीजकोष ठेवता येतील का हा प्रश्न, एवढे वस्तीजवळच्या आरोग्यकेंद्रात आठवड्यातून एका दुपारी जरी झाले, तरी आशाबेनच्या शब्दाला वजन येईल.

आणखी एक. आशांना मोबदला कामागणिक मिळतो. चाळिशीतल्या बाईजवळ अर्धा तास बसणे हेही कामच आहे, त्याचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत. आणि ते बोलणे भित्तिपत्रकावरच्या गुजरातीत नको. लिंबायतची बाई अंगावरचे दुखणे अहिराणीत सांगते, तेही सासू पाण्याला गेल्यावर, दार अर्धे लोटून.