चेहऱ्यापासून पाच फूट

अम्मी गेली तेव्हा घरात तिचा अलीकडचा एकच फोटो निघाला. पुतण्याने मोबाइल तिच्या चेहऱ्याजवळ धरून काढलेला. तो मोठा करून आम्ही भिंतीवर लावला. माझी मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही दादी नाही वाटत." तिचे खरे होते. नाक फुगलेले, कान मागे दडलेले.

मंडळी, दोष मोबाइलचा नव्हता, अंतराचा होता. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १० सेंटिमीटर मागे असतो. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कानापासून तो ४० वर असतो. त्यामुळे कानाच्या मानाने नाक एकतृतीयांशाने मोठे उमटते. कॅमेरा दीड मीटरवर, म्हणजे पाच फुटांवर नेला, की हा फरक जेमतेम सात टक्के उरतो. समोर बसून गप्पा मारताना आपण माणसाला साधारण एवढ्याच अंतरावरून पाहतो. म्हणून तो चेहरा ओळखीचा वाटतो.

मग वेगळी लेन्स कशाला? तर पाच फुटांवरून रुंद कोनाच्या लेन्समध्ये अख्खी खोली येते आणि चेहरा लहान पडतो. जास्त फोकल लेंग्थची लेन्स तोच चेहरा चौकटभर आणते. फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स निवडतात ती यासाठी. कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी प्रकारचा असेल, तर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ ते ८० सारखे काम करते. खिसा हलका असणाऱ्याने बेलाशक हीच घ्यावी.

दुसरी गोष्ट अ‍ॅपर्चरची. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि उजेड जास्त. व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने १८४० मध्ये अशी उजेडी लेन्स आखली, तेव्हा फोटोसाठी मिनिटे मिनिटे पुतळ्यासारखे बसण्यातून माणसे सुटली. पण लहान आकड्याच्या मोहात पडू नका. ८५ ची लेन्स एफ १.८ वर ठेवून दीड मीटरवरून फोटो काढला, तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोळा लख्ख, कान धूसर! एफ ४ वर हाच भाग दुपटीने वाढतो. फोकस मात्र जवळच्या डोळ्यावरच हवा.

अम्मीचा तो फोटो आम्ही उतरवला. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत ती मधोमध उभी होती. तेवढाच भाग कापून मोठा केला. चित्र थोडे दाणेदार आले, पण फोटो लांबून काढलेला होता. मुलगी लगेच म्हणाली, "हीच दादी."

तेव्हा लेन्स पुढच्या महिन्यात आली तरी चालेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना आज खिडकीजवळ बसवा, असेल तो कॅमेरा घ्या आणि दोन पावले मागे सरका. नको असलेला भाग नंतर कापता येतो.