मालाच्या मापाचं पॅलेट

सकाळी सात. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या गल्ल्यांत रात्रपाळीचे लूम खडखडत असतात, तेव्हा आमच्या पॅलेट बनवायच्या गाळ्याचं शटर वर जातं. पहिलं काम लाकडाचं. न्यूझीलंडचे पाईनचे ओंडके कांडला बंदरावर उतरतात, गांधीधामला चिरले जातात आणि फळ्या होऊन भिवंडीत येतात. प्रत्येक थप्पीतल्या चार-पाच फळ्यांना ओलाव्याचा मीटर लावायचा. वीस टक्क्यांच्या वर काटा गेला तर ती थप्पी आज वापरायची नाही. ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड सुकलं की ढिला पडतो, आणि लाकूड नेमकं कंटेनरमध्ये, समुद्रावर सुकतं.

साडेआठनंतर फोन सुरू होतात. बहुतेकांचा प्रश्न एकच: "बाराशे बाय हजारचा रेट काय?" मी आधी विचारतो, माल काय, वजन किती, कुठल्या देशात जाणार आणि तिथे उतरवणार कसा? लोकांना वाटतं मी वेळ काढतोय. पण कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर. बाराशे मिलिमीटरच्या बाजू शेजारी-शेजारी लावून दोन पॅलेटं बसत नाहीत, पाच सेंटीमीटर कमी पडतात. म्हणून एक उभं, एक आडवं लावावं लागतं. चौरस हवं असेल तर ११४० बाय ११४०, मग दोन शेजारी-शेजारी आरामात बसतात. युरोपचं १२०० बाय ८०० हे माप वेगळंच. हे मापांचं गणित सरळ पेट्यांचं झालं. आमचं खरं काम ज्या मालाला सरळ बाजूच नसते, त्याचं.

दहा वाजता मापाला निघतो. आज ताण्याचे बीम आहेत. मधे लोखंडी पाइप, दोन्ही टोकांना गोल फ्लँज, मधे गुंडाळलेलं सूत. कारखान्याच्या शेठनी आधीच्या खेपेला सपाट पॅलेटवर बीम ठेवून बाजूला लाकडी पाचरी ठोकून घेतल्या होत्या.

"माल पोचला, पण दोन फ्लँज वाकले हो," शेठ म्हणाले. "तिकडच्या लोकांनी बीम लुमावर चढवलाच नाही."

"चढवून उपयोगही नव्हता, शेठ. फ्लँज वाकला की काठाचं सूत एकदा ढिलं, एकदा ताठ सुटतं. तुटतच राहतं."

"मग जाड फळी लावायची?"

"फळी जाड करून काही होणार नाही. फ्लँजवर वजनच येऊ द्यायचं नाही."

सपाट पॅलेटवर सगळा भार फ्लँजच्या दोन बारीक कडांवर येतो. गाडी ब्रेक मारते तेव्हा तोच भार पाचरीवर ढकलला जातो आणि पाचर लोखंड वाकवते. मी टेप लावतो तो पाइपच्या बाहेर आलेल्या टोकांना, त्यांचा व्यास, दोन टोकांमधलं अंतर, फ्लँजची त्रिज्या. भरलेला बीम काट्यावर चढवून वजन घेतो. बिलावरच्या वजनावर मी पॅलेट बांधत नाही.

बारा वाजता गाळ्यात जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं चित्र काढतो. संगणकावरही काढतो, पण आमचे मिस्त्री खडूच्या चित्राभोवती फिरून जे सांगतात ते पडद्यावर सुचत नाही. दोन्ही टोकांना बाभळीच्या उभ्या फळ्या, त्यांत खाचा, खाचेत पाइपची टोकं. फ्लँज अधांतरी, सुताला कशाचाही स्पर्श नाही.

"खाच व्ही आकाराची नको," मिस्त्री म्हणाले. "पाइप पाचरीसारखा उतरेल आणि फळी चिरेल. अर्धगोल घ्या, आणि लाकडाच्या रेषा आडव्या ठेवा."

"चाचा, वरून झाकण?"

"लागेलच. जहाज हलतं ना."

खाचेच्या फळीखाली नेमका ठोकळा आणि त्याच्याखाली नेमका रनर, म्हणजे तळाची पट्टी, की भार सरळ जमिनीत जातो. फोर्कलिफ्टच्या काट्यांसाठी खाली दहा सेंटीमीटरची मोकळीक ठेवतो. कमी ठेवली तर हाताने ओढायचा पॅलेट ट्रकही आत शिरत नाही.

दुपारी ठोकाठोकी. मळसूत्री खिळे, एकाच रेषेत कधीच नाहीत. एका रेषेत मारले की फळी त्याच रेषेत फाटते. चार वाजता पहिला नमुना उचलून बघायचा. दोरी ताणून मधला झोल मोजतो. जमिनीवर चार टन सहज पेलणारं पॅलेट रॅकवर फक्त दोन कडांवर टेकलं की मधून वाकतं, म्हणून माल रॅकवर चढणार का हेही विचारून ठेवलेलं असतं.

सहाला तयार पॅलेटं परवाना असलेल्या भट्टीकडे जातात. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पॅकिंगसाठी २००२ मध्ये आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या झाडांत लाकूड पोखरणारा आशियाई भुंगा सापडला. तो मालाच्या खोक्यांतून गेला होता. जंगलं वाचवायची म्हणून हा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं राहिला पाहिजे. गाभा हळू तापतो, म्हणून भट्टी तासन् तास चालते आणि तापमान मोजणारी सळी सगळ्यात जाड ठोकळ्यात घातलेली असते. मग गव्हाच्या लोंबीची छाप, भारताचं IN, भट्टीचा क्रमांक, आणि उष्णता दिल्याची खूण HT. हाताने लिहिलेली छाप चालत नाही, आणि लाल-नारिंगी शाई टाळायची. पावसाळ्यात भट्टीवरून परत आलेलं पॅलेट उघड्यावर ठेवलं तर बुरशी येते, आणि बुरशी आलेला माल घेणारा तक्रार करतोच.

आठनंतर आदल्या दिवशीच्या भट्टीचा माल ट्रकवर चढतो आणि मुंब्रा बायपासने न्हावाशेवा बंदराकडे निघतो. पट्टा शेवटचा मी स्वतः ओढतो.

यंत्रं आणि बीम परदेशी पाठवणाऱ्या कारखानदारांना एकच विनंती. माल रंगवून दारात उभा राहिल्यावर पॅलेटवाल्याला फोन करू नका. चित्र कागदावर असतानाच बोलवा, आणि चार गोष्टी लिहून द्या: खरं वजन, भार कुठे पेलता येईल, देशाचं नाव, आणि उतरवणाऱ्याकडे फोर्कलिफ्ट आहे की माणसं.