एम्प्रेस बागेतली गारंबी आणि आपल्या ओढ्याचा काठ

गळीत हंगाम जोरात, तोडीच्या पाळीवरून रोज गट ऑफिसात बोलाचाली, आणि शेतकी खात्याचा माणूस पुण्यात फुलं बघत फिरतोय, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये कामासाठी गेलो होतो. काम दुपारीच उरकले. गाडीला वेळ होता, आणि सोलापूर रस्त्याने शहरात येताना रेसकोर्सजवळ एम्प्रेस गार्डन लागते. आत शिरलो.

सभासद बंधू-भगिनींनो, ही बाग सरकारी नाही. १८३० साली स्थापन झालेली अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ती चालवते. पूर्वी गोऱ्या सोल्जरांची बाग, पुढे व्हिक्टोरिया राणीवरून एम्प्रेस हे नाव पडले. जागा साधारण ३९ एकर. एवढ्या जागेत आपण आडसाली लावली असती तर किती टन निघाला असता, हा हिशेब मी दारातच मनात केला. सवयच ती.

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे दरवर्षी फुलांचे मोठे प्रदर्शन भरते. गुलाब, कुंड्या, पुष्परचना, भाजीपाला, सगळ्यांच्या स्पर्धा. त्याला जोडून शाळेतल्या मुलांची चित्रकला. एका पोरीने ऊस काढला होता आणि उसाला आंब्यासारख्या फांद्या काढल्या होत्या! हसू आले, पण तिचा काय दोष? आपल्या पोरांना तरी बांधावरच्या चार झाडांची नावे येतात का?

मला धरून ठेवले ते गारंबीच्या वेलाने. वेल म्हणायचा म्हणून म्हणायचे. बुंधा झाडासारखा जाड, पिळा घेत वर गेलेला, आणि वर दहा झाडांवर मांडव घातल्यासारखा पसरलेला. शेंग हातभरापेक्षा लांब होते, बी तपकिरी, चपटी, तळहातावर ठेवली तर निम्मा तळहात झाकेल. हा आपल्या ताग-धैंच्याच्याच कुळातला, शेंगवर्गातला. सह्याद्रीच्या जंगलातला वेल शहरात उभा आहे, कारण पिढ्यान्पिढ्या कोणीतरी तो तोडला नाही. एवढेच कारण.

तिथेच मला आमच्या एका सभासदाचा ओढा आठवला, आणि हे लिहायला घेतले.

नोकरीला लागून दोन-तीनच वर्षे झाली होती. त्या सभासदाच्या ओढ्याकाठी करंज, कडुनिंब अशी जुनी झाडे होती. सावलीने कडेच्या दोन सऱ्यांचा ऊस बोटासारखा राहायचा. मी पदविकेचे शिकलेले सांगितले : झाडे काढा, दोन सऱ्या पदरात पडतील. त्यांनी माझा शब्द मानला. ऊस खरेच सुधारला. पुढे २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात ओढ्याने काठ खाल्ला, आणि त्या दोन सऱ्यांसह आणखी चार गेल्या. पंचनाम्याला मी गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सायेब, झाडं व्हती तवर काठ व्हता." मी खाली मान घालून फीत धरली.

सावलीचे मी खोटे सांगितले नव्हते. झाडाखाली ऊस मार खातोच, हे आजही सांगेन. चूक ही झाली, की सगळी झाडे एका मापाने मोजली. शेताच्या मधल्या बांधावरचे झाड वेगळे, ओढ्याकाठचे वेगळे. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते. उत्तरेच्या कडेला झाड लावले तर आपला ऊस वाचतो. पण पलीकडे भावकीचे रान असेल तर सावलीबरोबर कज्जाही तिकडे जातो! तेव्हा ओढा, विहिरीचा काठ, रस्त्याची कड, शेताचे पाणी बाहेर पडते ती जागा, एवढ्यापुरतेच मी बोलतोय.

पूर्वी आपल्याकडे पानमळे होते तेव्हा शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा ही झाडे वेलींच्या आधारासाठी लावावीच लागत. शेरडांना पाला, घरात हादग्याची फुले, शेंगांची आमटी. पानमळा मोडून ऊस आला, तशी ती झाडेही गेली. कोणी मुद्दाम घालवली नाहीत, गरज संपली.

आणि बिनकामाचे म्हणून ज्याला आपण पेटवून देतो, त्या कास गवताची गोष्ट तर उसवाल्याने विसरूच नये. नदीकाठी पांढरे तुरे येणारे तेच हे कास. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे डॉ. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा या रानटी कासाशी संकर केला, त्यातून को २०५ ही जात निघाली. आज आपल्या रानातल्या को ८६०३२ मध्येही कासाचे रक्त आहे. त्या वेळी कास कुठे उरलेच नसते तर?

परत आल्यावर आमच्या वरिष्ठांशी बोललो. ऊस रोपवाटिकेच्या कडेला एक वाफा झाडांच्या रोपांसाठी द्यायला त्यांनी होकार दिला आहे. बिया मात्र सभासदांनी आणायच्या. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा कराव्यात. निंबोळी जून-जुलैत पडते. ती वाळवून फडताळात ठेवू नका, दोन-तीन आठवड्यांत लावली नाही तर उगवणक्षमता झपाट्याने जाते. शेवरी, हादगा ज्यांच्याकडे उरला असेल त्यांनी शेंगा जरूर आणाव्यात. कागदी पुडीवर आपले नाव, गाव आणि झाड कुठे आहे ते लिहून गट ऑफिसात चिटबॉयकडे द्यावी.

पहिली पुडी आली आहे. करंजाची. ओढा खचलेल्या त्याच सभासदांनी, पाहुण्यांच्या गावाहून मागवून.